येते म्हण

त्या वर्षी नीलिमाने चंगच बांधला होता, आठ वर्षांच्या केयाला मराठी बोलायला लावायचंच. रोज सकाळी स्कूल बसकडे पळताना केया "जाते!" ओरडायची आणि नीलिमा दारातून दटावायची, "जाते म्हणू नये. येते म्हण."

मॉन्ट्रियलपासून तीन तासांवर, जुन्या फ्रेंच मठाच्या पडक्या भिंतींमागे, जमीन खचून झालेला एक डोह होता. विहिरीसारखा गोल, तळ न दिसणारा. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मायलेकी तिथे दुपारभर मनसोक्त पोहल्या. केया हाका मारी आणि कातळ त्या जशाच्या तशा परत करी.

उन्हं कलली तशी केयाचा बाबा नंदन सामान घेऊन गाडीकडे गेला. टॉवेल गुंडाळलेली केया काठावरून वाकली आणि डोहाला म्हणाली, "जाते!"

कातळ गप्प राहिला. नीलिमा लेकीला दटावणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

"जाते म्हणू नये. येते म्हण."

आवाज नीलिमाचाच होता. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"ओके, मॉम," केया म्हणाली. खाली पाण्याकडे बघत.

नीलिमाने झडप घालून तिला मागे ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. काही झालं तरी तो शब्द हिच्या तोंडून इथे निघू द्यायचा नव्हता. तळव्याखाली केयाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि खालून, केयाच्या आवाजात, अगदी स्वच्छ मराठीत उत्तर आलं.

"येते, आई."