न दिलेला गोल

“थांब बे. मागं घे. आता हळू चालव,” गोपाल म्हणाला.

दीपकच्या मोबाइल दुकानातल्या टीव्हीवर तेरा वर्षांपूर्वीची फुटबॉलची फायनल चालू होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे जुनी कॅसेट निघाली, ती दीपकनं मोबाइलमध्ये भरून आणली होती. नांदुऱ्याचा शेवटच्या मिनिटाचा गोल रेफ्री सईद सरांनी चेंडूला हात लागला म्हणून नाकारला आणि संग्रामपूर जिंकलं, हे गावात अजून कुणी विसरलं नव्हतं. सरांच्या बेइमानीचा पुरावा आज हाती लागणार होता.

गोल मारणारा प्रसेनजित मागच्या स्टुलावर बसला होता. पंखा गरगरत असूनही त्याची पाठ घामानं भिजली होती.

चित्र तसूतसूनं सरकलं. कॉर्नरवरून चेंडू आला, प्रसेनजितनं उडी घेतली, आणि डोक्याआधी त्याची मूठ चेंडूला लागली. स्वच्छ दिसलं.

दीपकनं परत लावलं. परत मूठ.

“तुले माहीत होतं?” गोपालनं विचारलं.

“नाही बे. त्या घाईत काय समजते?”

तेरा वर्षांत हे खोटं इतक्यांदा बोलून झालं होतं, की आता जीभही अडखळत नसे.

त्या दिवशी लोकांनी सरांना मैदानभर पळवलं होतं. गोपालनं तर त्यांच्या तोंडावर चिखल फेकला होता. सरांनी शिट्टी कायमची सोडली. दोन वर्षांनी शाळेतली क्रीडाशिक्षकाची नोकरीही निवृत्तीआधीच सोडली. त्या जागेवर प्रसेनजित लागला. अन्याय झालेला खेळाडू म्हणून संस्थेनं आपल्याला बोलावून घेतलं, असं तो ज्याला त्याला सांगे.

“चाला,” गोपाल उठला. “पाय धरू सरांचे.”

दार सरांच्या मुलानं, आसिमनं उघडलं. तो स्टेशनवर ऑटो चालवायचा. खाकी शर्ट अजून अंगातच होता. सर खाटेवर बसले होते. गोपाल त्यांच्या पायांशी बसून रडायला लागला. दीपकनं मोबाइल पुढं धरला. सरांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं.

प्रसेनजितला आता राहवेना. “सर, मले तवाच माहीत होतं. म्या मुद्दाम हात लावला.”

गोपालनं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सर रागावले नाहीत. “मले हात दिसला होता,” ते हळूच म्हणाले. “पण तू मैदानात उभा राहून मायची शपथ घेतली. मायची खोटी शपथ कोणी घेते काय? मले वाटलं, माह्याच डोळ्यानं धोका देल्ला. एका गरिबाच्या पोराचं म्या नुकसान केलं.”

“माफ करा, सर.”

“माफी तर मले मागा लागते,” सर म्हणाले. पण ते प्रसेनजितकडं पाहत नव्हते. घरात एरवी उर्दू बोलणारे सर मुलाशी मराठीत बोलले, साऱ्यांना कळावं म्हणून. “आसिम, बेटा, म्या नोकरी सोडली तवा माह्या जागी तुले घ्याले संस्था तयार होती. म्याच तुयं नाव कापाले लावलं, अन् याचं लिहून देल्लं.”