रंगीत तालीम

दादा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. आग लागली तर घरातल्यांनी बाहेर कसं पडायचं, हे त्याने स्वतः बसवलं होतं. गॅस कोणी बंद करायचा, मुलांना कोणी घ्यायचं, सगळं ठरलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला तालमीचा व्हिडिओही काढायचा होता. मी माहेरी आले होते, म्हणून हे बघायचं माझ्या नशिबी आलं.

पहिल्या खेपेला बाबा वॉकर घेऊन जिन्यातच अडकले. त्यांच्या मागे वहिनी आणि मुलं खोळंबली. दादाचा पारा चढला. "बाबा, तुमच्यामुळे सगळा विचका झाला," तो म्हणाला. ज्यांचं बोट धरून चालायला शिकला, त्यांना हे बोलताना त्याची जीभ जराही अडखळली नाही.

दुसऱ्या खेपेआधी त्याने बाबांना हाताला धरून सावकाश खाली नेलं आणि फाटकाजवळ खुर्चीत बसवलं. मग वर जाऊन शिट्टी फुंकली. सगळे धडाधड खाली आले, व्हिडिओ झक्क झाला, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. "नियोजन असलं की असं होतं," वहिनी म्हणाली.

दादाने बाबांपुढे फोन धरला. "बघा, जमलं की नाही?"

बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत शांतपणे पाहिला.


"छान जमलंय. फक्त खरी आग लागायची असेल, तेव्हाही मला असंच आधी खाली आणून बसव."