मामूंचा देश

भारताच्या व्हिसाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता. हे मामूंना कसं सांगायचं, याचा विचार करत, अर्धा दिवस रजा काढून आलेला हारून सौदीतल्या अल-खोबरच्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्यात उभा होता. काखेत नवं ब्लँकेट होतं, लाल फुलांचं, अम्मासाठी. मामूंना व्हिसा मिळाला की त्यांच्याबरोबर धाडायचं. आशा धरून बसायची काही माणसांना खोडच असते.

डॉक्टर हाशम हे त्याचे सख्खे मामू. गुरुत्वाकर्षणाचे शास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा भलामोठा ओंडका तारेवर टांगून, आकाशातून एखादी लहर येते नि तो थरथरतो का, हे बघत बसलेल्या पहिल्या काही वेड्यांपैकी एक. ओंडका काही थरथरला नाही. जन्म रत्नागिरीच्या खाडीकाठचा. फाळणीच्या वेळी चुलत्याकडे कराचीत शिकायला होते, म्हणून पासपोर्ट पाकिस्तानचा. एका जाड ग्रंथात त्यांना भारतीय म्हटलंय, दुसऱ्यात पाकिस्तानी, तिसऱ्यात ब्रिटिश. नाव घ्यायला सगळे पुढे, पण गावी कुणी जाऊ देईना. जुना विद्यार्थी हम्माद त्यांचा कफील, म्हणजे तिथला जामीनदार झाला, म्हणून म्हातारपणी डोक्यावर छप्पर तरी होतं.

त्यांचं मागणं एकच होतं. डोळे मिटण्याआधी एकदा गावी जाऊन साबिराला, म्हणजे धाकट्या बहिणीला, हारूनच्या अम्माला भेटायचं.

हारूनलाही जाता येत नव्हतं. त्याच्या कफीलचं नि ठेकेदाराचं भांडण कोर्टात होतं आणि पासपोर्ट त्यात अडकलेला. रास तनुराला वेल्डिंगचं काम चालू होतं, शुक्रवारीसुद्धा. अम्मा सकाळची शेजारच्या सरूबाईंकडे फोनवर यायची, तेव्हा हा रिफायनरीत, आणि आत मोबाइल न्यायला मनाई. हा सुटेपर्यंत गाव झोपलेलं. म्हणून फोन मामू करत आणि निरोप हारूनला देत.

"यंदा भात झकास आलंय म्हणाली," हारून आत येताच मामू म्हणाले. "आणि तू वेळेवर जेवतोस का, ते विचारत होती."

"गुडघे?"

"तसेच."

हारूनचा चेहरा उजळला. मग अर्जाचा विषय निघाला, तेव्हा कागद पुढे सरकलेत, असं त्याने कान खाजवत सांगून टाकलं. खोटं बोलताना त्याचा हात हमखास कानाकडे जायचा.

आणखीही एक गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. मामूंचा बालमित्र इसहाक नुकताच गावी वारला होता. आखातात रीतच आहे, ज्याला जाता येत नाही त्याला मयत कळवायची नाही. त्याने इथे बसून कुणाच्या गळ्यात पडून रडायचं? कामगारांच्या कॅम्पातल्या गाववाल्यांनाही हे पाठ होतं. भली माणसं होती ती. हल्ली तर हारूनच्या ताटात आपला मासा वाढायची. कोर्टाच्या कटकटीमुळे आपली कीव करतात, असं त्याला वाटायचं.

खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं.

"समज, हा सूर्य आत्ता नाहीसा झाला," मामू म्हणाले. "तरी आठेक मिनिटं पृथ्वी त्याच्याभोवतीच फिरत राहील. तिला कळतच नाही."

"मग काय उपयोग फिरून?"

"उपयोग नाही. पण तेवढी मिनिटं तिची बरी जातात."

हारून हसला. मामूंचं असलं बोलणं त्याला कधीच नीट कळलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, अगदी सगळ्यांनी नाद सोडल्यावर, व्हिसा आला. हारून पोरासारखा रडला. मामूंची बॅग त्यानेच भरली. खजूर, मक्केचं झमझमचं पाणी, गुडघ्यांचं मलम. ब्लँकेट मात्र मामूंनी त्याच्या हातातून घेतलं आणि घडी घालायला फार वेळ लावला.

"अम्माला सांगा, निकाल लागला की येतोच," हारून म्हणाला. मामूंनी मान हलवली.

गावात सरूबाई वाटेवरच उभ्या होत्या. त्या पुढे चालू लागल्या. साठ वर्षांनी आलेला माणूस घरात पाय न ठेवता थेट कबरस्तानात गेला. तिथे इसहाकच्या नावाची पाटी होती, माती अजून बसलीही नव्हती. मामूंनी पाटीवरची तारीख वाचली, ते खोबरहून निघण्याआधीची. हारूनचा कानाकडे गेलेला हात त्यांना आठवला. राग आला नाही, उलट पोराबद्दल भरून आलं.

मग ते चार पावलं पुढे जाऊन बसले, ब्लँकेट मांडीवर घेऊन, गावात निजानीज होईपर्यंत. समोर, सरूबाईंनी तेव्हाच फोनवर सांगितलेल्या जागी, साबिराच्या कबरीवर दोन पावसाळ्यांचं गवत वाढलेलं होतं. खोबरला आता रात्र पडत आली असेल, हारून कामावरून सुटला असेल. त्यांनी सरूबाईंचा मोबाइल मागून घेतला आणि नंबर लावला.

"पोचलो रे," मामू म्हणाले. "अम्मा झोपलीय. उठवत नाही आता."