मागची कोरी पानं

शैलजाताईंनी कादंबरी संपवली आणि डिजिटल पुस्तक नवऱ्यापुढे धरलं. "अहो, बघा. माझ्या जाहिराती बंद झाल्या. मागची सगळी पानं कोरी."

मोरेश्वररावांना नवल वाटलं. ही पुस्तकं वाचणाऱ्याचे डोळे तपासायची आणि घरात कुणाला पुढे काय लागणार, ते मागच्या पानांवर विकायची. त्यांचा मोतीबिंदू डॉक्टरांच्या आधी पुस्तकानंच ओळखला होता.

"मला आता काही नकोय, हे कळलं असेल त्याला," म्हणत शैलजाताई चहा टाकायला आत गेल्या.

मोरेश्वररावांनी आपल्या पुस्तकात तीच कादंबरी उघडली आणि सवयीनं आधी शेवटचं पान काढलं.

'विधुरांसाठी पुनर्विवाह मेळावा. आजच नाव नोंदवा.'

"अहो, आजच्या दिवस साखरेचा चहा घेऊ का मी?" आतून आवाज आला.

"घे," ते कसंबसं म्हणाले. "हवी तेवढी साखर घाल."