टाचांखालची वाळू

मी थापाड्या खरा, पण वाळू थापा मारत नाही. ओल्या वाळूत टाच रोवून जोर लावला, की पायाभोवतीची वाळू फुगून क्षणभर पांढरी, कोरडी पडते. पाय उचलला की पाणी परत वर येतं. भारच नसेल, तर वाळू ओलीच राहते.

देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचा, म्हणजे समुद्रातलं मोठं जाळं किनाऱ्यावर खेचायचा, दोर ओढताना आमच्यातला हत्ती गणपत, आणि त्याच्या मागे त्याची बायको तुळसा. "मागे बायल आसा, म्हणान घोवाक जोर!" असं आम्ही चिडवायचो. गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. दोरावरची तिची जागा कोणी घेतली नाही.

काल सकाळी दोर ओढताना मी खाली पाहिलं. त्या मोकळ्या जागेत दोन टाचांपुरती वाळू पांढरी पडत होती.

"गणपत, मागे बघ रे."

"ठाऊक आसा माका. रोज येता ती." त्याने मान वळवली नाही. "तुळसा, दमलंस मगे? सोड गो आता. जिती असताना माका ह्या कधी सुचला नाय."

टाचांच्या जागी पाणी वर आलं. दोर एकदम जड झाला. मग पांढरे डाग एकामागून एक उमटत समुद्राकडे निघाले. गणपतने दोर सोडला आणि त्यांच्या मागोमाग चालू लागला.

"खंय चललंस रे? रापण अजून भायर येवक नाय!" मी ओरडलो.

त्याने नेहमीसारखा हात हलवला.

आम्ही सगळे दोर धरून उभे होतो, टाचांभोवती पांढरी वाळू घेऊन. गणपतच्या पावलांखाली ती ओलीच राहिली.