सतरावं कलम

"शाळांना हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. अकरा दिवसांत वकीलबाईंना हे वाक्य पाठ झालं होतं.

"आणि लग्नाचा कायदा याच अधिवेशनात," त्या म्हणाल्या. मास्तरांना हे पाठ झालं होतं.

बोलणी पाणीपुरवठा कार्यालयातल्या बैठकीच्या खोलीत चालली होती. निधर्मी पक्षाच्या कचेरीत पाऊल टाकायला मास्तर तयार नव्हते, आणि धर्मपक्षाच्या कचेरीत डोकं झाकून जायला वकीलबाई तयार नव्हत्या. पाण्याला काही धर्म नसतो, म्हणून ही खोली. भिंतीवर शहरभरच्या नळांचा नकाशा, खिडकीखाली पंपाची घरघर, दाराबाहेर जिन्यावर ठाण मांडून बसलेले वार्ताहर.

पाच महिन्यांत दोन निवडणुका झाल्या होत्या आणि दोन्हींत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. या दोन पक्षांनी हातमिळवणी केली तर सरकार, नाहीतर तिसरी निवडणूक. सोळा कलमं जुळली होती. घोडं पेंड खात होतं ते सतराव्यापाशी. धार्मिक शाळांमध्ये सरकारी तपासनीस जाणार की नाही, आणि दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांचं लग्न सरकारदरबारी नोंदवता येणार की नाही.

पक्षात लोक वकीलबाईंना पाठीमागे 'पहार' म्हणत. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी एकही खटला तडजोडीने मिटवला नव्हता. बोलण्यांसाठी पक्षाध्यक्षांनी त्यांचं नाव पुढे केलं तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही," अध्यक्ष म्हणाले होते. बाई मनातून सुखावल्या. इतकी वर्षं सभेत त्यांना कुणी पुढच्या रांगेत बसवलं नव्हतं.

मास्तरही काही कमी नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी धार्मिक शाळा चालवली होती, आता त्यांचा मुलगा चालवत होता. मास्तरांचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुपारी दोघांनी डबे काढले. मास्तरांनी आपला उघडलाच नाही.

"भूक नाही का?" बाईंनी विचारलं.

"बायकोचं आज डायलिसिस होतं. झालं नाही. इस्पितळातलं मशीन बंद पडलंय."

"दुसरं मागवलं नाही?"

"आलंय की. महिना झाला, खोक्यात पडून आहे. वापरायला मंत्र्याची मंजुरी लागते." मास्तरांनी डबा बाजूला सरकवला. "आणि मंत्री कुठंय, बाई? तो आपण दोघांनी अजून बनवलाच नाही."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांनीही आपला डबा मिटला.

मास्तर नकाशाकडे बघत म्हणाले, "येऊ द्यात तपासनीस. गणित, विज्ञान, काय तपासायचंय ते तपासू दे. मुलींच्या वर्गांतसुद्धा."

"आणि तुमचा मुलगा?"

"माझं तोंड बघणार नाही तो." हे त्यांनी हवापाण्याची बातमी सांगावी तसं सांगितलं.

बाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि मुलीला फोन लावला. मुलगी आणि तिचा जोडीदार तीन वर्षं त्या कायद्याकडे डोळे लावून बसले होते. दोघांचे धर्म वेगळे.

"झालं का गं आई?"

"दोन वर्षं थांबाल?"

"तू नाही म्हणायला गेली होतीस ना त्यांना?"

"हो."

"मग?"

"म्हणायचं राहूनच गेलं," बाई म्हणाल्या. फोन कट झाला.

त्या परत येऊन बसल्या. "कायदा दोन वर्षांनी," त्या म्हणाल्या. "पण तारीख आत्ताच घालायची. नंतर टोलवाटोलवी चालणार नाही."

"घाला," मास्तर म्हणाले.

सतरावं कलम बाईंनी हातानेच लिहिलं. मास्तरांनी एक वेलांटी दुरुस्त केली. मास्तर ते मास्तरच. मग दोघांनी सह्या केल्या. वार्ताहरांना वाचून दाखवण्याआधी आपापल्या अध्यक्षांना कळवायचं ठरलं.

आधी मास्तर मागच्या गॅलरीत गेले. पाच मिनिटांनी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"अभिनंदन म्हणाले." त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं.

मग बाई गॅलरीत गेल्या. त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच्या आवाजातला आनंद त्यांनाच अनोळखी वाटला.

अध्यक्षांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"सह्या झाल्या?"

"दोघांच्याही."

"म्हाताऱ्याने शाळा सोडल्या?"

"सोडल्या."

"अहो बाई!" अध्यक्ष ओरडले. "तुमच्याइतकं आडमुठं माणूस सबंध पक्षात नाही, म्हणून तर तुम्हाला धाडलं! बोलणी फिसकटायला हवी होती. तिसऱ्या निवडणुकीत आपण एकहाती येतोय. पोस्टरं छापायला गेलीत आठ दिवसांपूर्वी! तो कागद फाडा, आणि म्हातारा अडून बसला असं बाहेर सांगा. डोकं फिरलंय का तुमचं?"

बाई आत आल्या. कागद टेबलावर होता आणि त्यावर मास्तरांनी आपला पंजा दाबून धरला होता, वाऱ्याने उडून जाईल म्हणून धरावा तसा. खोलीत वारा नव्हता.

"काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"अभिनंदन म्हणाले."

मास्तरांनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. मग ते उठले, कागद उचलून त्यांनी बाईंच्या हातात दिला.

"मलाही अगदी असंच झापलं," ते म्हणाले. "चला, दार उघडा. त्यांचा परत फोन यायच्या आत वाचून टाकू."