बारावी खुर्ची

चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली तरी वेदीसमोरची बारावी खुर्ची रिकामीच होती.

"सोनवण्यांना ताप आलाय म्हणे. आणि मेसेज कधी करतायत, तर आत्ता!" कमलताईंनी मोबाईल पर्समध्ये आदळला.

भायखळ्याच्या त्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारची सगळी तयारी कमलताईंच्या गळ्यात असायची. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण गोळा करायचे म्हणजे नुसती डोकेदुखी. कुणाचे गुडघे धरतात, कुणाला पुढे बसायची लाज वाटते. आणि जे येतात, ते घरूनच पाय घासून, क्रीम लावून येतात.

"अकरा चालतील, फादर. कोण मोजतंय?"

"थांबा," म्हणत फादर स्टीफन झगा सावरत बाहेर गेले आणि राजारामला घेऊन परत आले.

कमलताईंनी डोळेच मिटले. रे रोडच्या लाकडाच्या वखारींत हातगाडी ओढणारा हा म्हातारा चर्चच्या भिंतीला लागून झोपायचा. फाटकावर शर्ट वाळत घालायचा. परवाच त्यावरून दोघांची चांगली जुंपली होती. आता तो चपला काढून, अंग चोरून, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला होता. पाय काळे, भेगाळलेले.

"माका नको ता पाणी, फादरनू," तो पुटपुटला.

"काही होत नाही हो, काका," फादर हसून म्हणाले.

विधी सुरू झाला. फादर गुडघ्यांवर बसत एकेका खुर्चीपुढून सरकू लागले. तांब्याने पाणी घालायचं, टॉवेलने पुसायचं, वाकून पावलाचं चुंबन घ्यायचं. मागे गायकवृंद गात होता. राजारामपाशी आल्यावर फादरनी त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि प्रेमाने तळवा चोळला.

राजाराम ओरडला. पाय झटकला गेला तो थेट घंगाळावर. फादरचा पांढरा झगा छातीपर्यंत भिजला आणि अकरा जणांचे पाय धुतलेलं पाणी नव्या गालिच्यावर पसरत गेलं. पुढच्या बाकावर कुणीतरी हसलं. "प्यायलाय," कुणीतरी म्हणालं. राजाराम उठला आणि खाली मान घालून लंगडत मधल्या वाटेने बाहेर गेला.

"बघितलंत?" कमलताई फादरच्या कानाशी फणकारल्या. "दया तुम्हाला येते आणि निस्तरायचं मी!"

खुर्चीखाली राहिलेल्या त्याच्या चपला दोन बोटांत धरून त्या तरातरा बाहेर निघाल्या. आज त्याला चांगलंच सुनवायचं होतं.

राजाराम पायरीवर बसून स्वतःचा तळवा बघायची धडपड करत होता. पाठ वाकत नव्हती.

"काय हो, लाथ मारता? देवाच्या दारात?"

"मिया नको म्हटलंय. आयकता कोण?" त्याचे डोळे भरून आले होते. "लाकूड घुसलाहा."

कमलताईंनी चपला खाली टाकल्या. "दाखवा."

"नको."

"दाखवा म्हणते ना!"

तळव्याच्या मधोमध लाकडाचं लांब कुसळ रुतून बसलं होतं. भोवतालची कातडी पिकून पांढरी पडली होती.

"आणि यावर गाडी ओढता? डोकं आहे का ठिकाणावर? रोज इथून येते-जाते मी. मला सांगायला काय झालं होतं?"

राजारामने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमका?"

 कमलताईंनी पर्समधून सॅनिटायझर काढला, खांद्यावरची पिन सोडली, सुटलेला पदर कमरेला खोचला. मग खालच्या पायरीवर बसून त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. हिंदमाताहून आजच्यासाठी आणलेली कोरी साडी होती. पोटरीला हात लागला तेव्हा कळलं, म्हातारा तापाने फणफणलाय.

"उद्या हॉस्पिटलात यायचं माझ्याबरोबर. नाही म्हणालात तर बघा."

इतक्यात सावली पडली. ओल्या झग्यातले फादर दारात उभे होते. आत गायकवृंद तेच कडवं पुन्हा पुन्हा गात होता.

"कमलताई, सगळे थांबलेत."

"थांबू देत. उजेडातून बाजूला व्हा आधी."

फादर बाजूला झाले. मग राजारामच्या शेजारी पायरीवर बसले.

"हात धरू का, काका?"

राजारामने विचार केला आणि हात पुढे केला.

"सावकाश गे बाय," तो कमलताईंना म्हणाला. "जीव जाता."

"सावकाशच करतेय!" कमलताई खेकसल्या, आणि पिनेचं टोक टेकवण्याआधी त्यांनी त्या काळ्या तळव्यावर हळूच फुंकर घातली.